वीस मिनिटांत, चार माणसांसाठी

कडुनिंबाला फुलोरा आला की आमच्या हिमायतनगरच्या गल्लीत कुणाच्या ना कुणाच्या घरी बोचकी बांधायला सुरुवात होते. दहावीची परीक्षा संपलेली असते, पोराला डॉक्टर करायचं घरात ठरलेलं असतं, आणि लातूरला खोली बघायला जायचं असतं. खोली एकट्या पोराची नाही. पोराबरोबर आईनं जायचं, दोन वर्षं तिथं राहून त्याला वेळेवर गरम जेवू घालायचं, आणि बापानं मागं राहून कमवायचं आणि आपलं आपण बघायचं, अशी आता रीतच पडून गेली आहे. यंदा ही पाळी ज्योतीची आहे. तिचा नवरा स्टँडसमोर मोबाइल दुरुस्त करतो. केसाएवढे बारीक स्क्रू फिरवतो, पण चहाला किती पाणी ठेवायचं हे त्याला अजून ज्योतीच सांगते.

सकाळी ती आली ती दारातूनच विचारत. "काकू, तुमच्याकडं ते झटपट स्वयंपाकाचं पुस्तक होतं न्हाई का, काकांचं? आमच्या ह्यांच्यासाठी पाहिजे होतं."

"हाय की," मी म्हटलं.

"पण खरंच होतं का हो त्याच्यावर रोजचं जेवण? का नुसते फोटूच?"

मी तिला म्हटलं, संध्याकाळी ये, काढून ठेवते. काढायला काही शोधावं लागणार नव्हतं. पुस्तक देवघराच्या खालच्या फळीवर आहे, पोथ्यांच्या शेजारी. काका म्हणजे आमचे हे. त्यांना जाऊन या वैशाखात तीन वर्षं होतील. सकाळपासून पुस्तक मांडीवर घेऊन बसले आहे. अंगणात निंबाची फुलं टपटप पडताहेत, झाडायची राहिली आहेत, आणि ज्योतीनं विचारलेल्या सोप्या प्रश्नाचं उत्तर मला काही देता येत नाही.

खरं सांगायचं तर अशा पुस्तकांवर माझा कधीच विश्वास नव्हता. मुखपृष्ठावरची बाई मोत्यांचा हार घालून कढईत पळी फिरवतेय आणि तिच्या कपाळावर घामाचा टिपूस नाही. आमच्याकडं मे महिन्यात चुलीपुढं बसलेली बाई अशी दिसत असती तर मीही पुस्तक लिहिलं असतं. आत प्रत्येक पानावर वर कोपऱ्यात घड्याळाचं चित्र, त्यात लिहिलेलं, वीस मिनिटे. खाली लिहिलेलं, चार माणसांसाठी. आता ही वीस मिनिटं सुरू कधी होतात ते बघा. कांदा चिरलेला असतो, डाळ भिजलेली असते, कोथिंबीर निवडून धुऊन ठेवलेली असते. हे सगळं आदल्या दिवशी कुणी केलं आणि खरकटी भांडी कोण घासणार, हे काही त्या बाईला विचारायचं नाही. आणि आमच्याकडं काय झटपट नव्हतं? डब्यात येसराचं पीठ असलं की आधणात कालवून फोडणी दिली, आमटी तयार. चुरमुरे भिजवले, मिरच्या परतल्या, सुशीला तयार. त्याला कुणी घड्याळ लावलं नाही.

तरीही ते पुस्तक मीच विकत घेतलं. पाच वर्षांमागं आमच्या लेकीची, रेणूची, लातूरची खोली ठरवून परत येत होतो. नांदेडच्या स्टँडवर गाडीला अर्धा तास होता. हे स्वतः एसटीत कंट्रोलर, त्यामुळं दुसऱ्याच्या स्टँडवर गेले की पाहुण्यासारखे अवघडून बसायचे आणि कुठली गाडी किती उशिरा लागली ते मनात मोजायचे. मी पुस्तकांच्या गाड्यावर उभी होते. "हे घेते तुमच्यासाठी," मी म्हटलं. त्यांनी उलटंसुलटं करून बघितलं आणि विचारलं, "ह्या बाईला लई पगार असंल न?" मी म्हटलं, "चेष्टा पुरे. वाचून करायचं. उपाशी राहायचं न्हाई." ते बरं म्हणाले. पुस्तक पिशवीत पडलं आणि माझ्या मनावरचं ओझं एकदम उतरलं. लग्नाला वीस वर्षं झालेली, या माणसानं कधी दूध तापवलेलं नाही, आणि मी त्याला दोन वर्षं एकटं सोडून निघाले होते. पण आता माझ्याजवळ सांगायला काहीतरी होतं. कुणी विचारलं, घरी त्यांचं कसं, तर मी म्हणणार होते, पुस्तक घेऊन दिलंय. आज वाटतं, पुस्तक त्यांच्यासाठी नव्हतंच. ते मी माझ्यासाठी घेतलं होतं, सुखानं निघता यावं म्हणून.

लातूरची ती खोली आठवली की आधी वास येतो. फिनेल, उकडलेले बटाटे आणि नव्या पुस्तकांचा कागद, तिन्हींचा मिळून एकच वास. दहा बाय बाराची खोली, एका कोपऱ्यात रेणूचं टेबल, दुसऱ्या कोपऱ्यात माझी शेगडी, मध्ये दोघींच्या सतरंज्या. टेबलावर ती सूत्रं पाठ करायची आणि शेगडीवर माझी फोडणी तडतडायची. मिरचीचा ठसका लागून तिची समीकरणं अडायची. इमारतीत अशा चौदा खोल्या, चौदा आया. शेजारच्या खोलीत अहमदपूरच्या शिंदेबाई, पलीकडं मुरुडच्या एक. आम्ही सगळ्या घरदार सोडून आलेल्या, गॅसचं एकेक छोटं सिलिंडर सांभाळणाऱ्या बाया. गल्लीतून पोरं-पोरी हातात वही घेऊन ओठ हलवत चालायची. समोरून बैल आला तरी त्यांना दिसला नसता.

तिथला एक नियम मी जन्मात विसरणार नाही. दुपारी दोन ते पाच कुकरची शिट्टी बंद. त्या वेळेत पोरं सरावाचे पेपर सोडवायची, परीक्षेची वेळही तीच, म्हणून अंगाला सवय लागावी. हा नियम कुणी लिहून लावला नव्हता, पण चौदाही जणी पाळायच्या. एकदा माझ्या कुकरची शिट्टी चुकून पावणेदोनच्या ऐवजी दोन वाजून पाच मिनिटांनी झाली, तर मी धावत जाऊन ओल्या फडक्यानं ती दाबून धरली आणि हात पोळून घेतला. शिंदेबाई दारात येऊन कुजबुजत म्हणाल्या, "असू द्या, एक शिट्टी झाली. माझ्या पोरानं मान वर केली न्हाई." मग आम्ही दोघी तोंडाला पदर लावून हसलो. इकडं पोरांच्या मिनिटामिनिटाला आम्ही जपत होतो, आणि तिकडं प्रत्येकीच्या घरी एक माणूस एकटा जेवत होता.

संध्याकाळी सगळ्याजणी गच्चीवर जमायच्या. वाळत घातलेल्या कपड्यांच्या मधूनमधून चौदा बाया फोन कानाला लावून फिरायच्या आणि प्रत्येकीचा पहिला प्रश्न एकच असायचा, "जेवलात का?" माझाही तोच. आमच्या ह्यांचं उत्तर मात्र वेगळं असायचं. "पान बारा," ते म्हणायचे. बारा म्हणजे मसालेभात. सतरा म्हणजे वांग्याची भाजी. गाड्यांना नंबर असतात तसे त्यांनी भाज्यांना नंबर दिले होते. पुढं ठरलेलं एक वाक्य, "मस्त झालतं." आणि फोन ठेवायच्या आधी, "पोरीनं खाल्लं का नीट?"

पहिल्याच महिन्यातली गोष्ट. त्यांचा फोन आला तो जरा नाराजीचाच. "तुझं पुस्तक काय बरोबर न्हाई. डाळ कच्ची राहिली."

"किती वेळ शिजवली?"

"पाच मिनिटं."

"पाच? पुस्तकात वीस लिहिलंय न?"

"वीस चार माणसाला हाय. मी एकटा. चारनं भागलं."

मी एवढी हसले की गच्चीवरच्या सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. डाळ भागिले चार, पाणी भागिले चार, हळद भागिले चार, आणि त्याच हिशेबात मिनिटंही भागिले चार. आयुष्यभर वेळापत्रक पाळलेला माणूस, त्याला वाटलं, माणसं कमी तर वेळही कमी. मी समजावून सांगितलं की बाबा, एकट्यासाठीही डाळ शिजायला तेवढाच वेळ घेते. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मग एकट्याला परवडत न्हाई हे." तेव्हा मी यावरही हसले होते.

मग त्यांनी मिठाचं विचारलं. "हे चवीनुसार मीठ म्हणून राहिलं. त्याला चारनं कसं भागायचं?" मी म्हटलं, "चिमूटभर टाका. जेवताना कमी वाटलं तर वरून घ्या." नंतर कितीतरी दिवस मिठाचं रोज निघायचं. आज जास्त झालं, आज कमी झालं, आज बरोबर बसलं. संक्रांतीच्या पुढं ते मिठाचं विचारेनासे झाले. मला वाटलं, हात बसला. शिंदेबाईंना कौतुकानं सांगितलंसुद्धा, आमचे हे आता स्वयंपाकात तयार झाले.

पहिल्या दिवाळीला चार दिवस घरी आलो तेव्हा मी ते पुस्तक उघडून बघितलं होतं. प्रत्येक पानावरच्या घड्याळाशेजारी पेन्सिलीनं बारीक अक्षरात खरी वेळ लिहिलेली होती. वांग्याची भाजी, पुस्तक वीस, प्रत्यक्ष पंचावन्न. खाली कारण, कांदा चिरताना उशीर. मसालेभात, प्रत्यक्ष सत्तर, कारण, मोहरी सापडेना. स्टँडवर उशिरा आलेल्या गाडीची नोंद करावी तशी. रेणू ते मोठ्यानं वाचून दाखवत होती आणि हे भिंतीकडं तोंड करून हसत होते. त्यांचा तो लाजल्यासारखा चेहरा अजून डोळ्यांपुढून जात नाही.

दुसऱ्या दिवाळीला रेणूच्या सराव परीक्षा होत्या, म्हणून हेच दोन दिवस लातूरला आले. शर्ट सैल झाला होता. मी म्हटलं, "वाळलात की हो." तर म्हणाले, "चालून राहिलो रोज. डॉक्टरांनी सांगितलं, चालत जा म्हणून." डॉक्टरांकडं कशाला गेला होता, असं मी विचारायला हवं होतं. पण तेवढ्यात रेणूच्या क्लासची वेळ झाली आणि मी तिचा डबा भरायला उठले. दोन्ही दिवस त्यांनी भाजीला हात कमी लावला, भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. पोट जड आहे म्हणाले. मी ओव्याचं पाणी करून दिलं आणि माझं काम झालं असं समजले.

मग तो शेवटचा उन्हाळा आला. फाल्गुनापासून लातूर तापायला लागलं. पाण्याचा टँकर आला की चौदा बाया बादल्या घेऊन जिन्यावर. खोलीत ओला पंचा खिडकीला बांधायचा, तो अर्ध्या तासात पापडासारखा कडक व्हायचा. रेणूला जेवायला पंधरा मिनिटंही नसायची. वाचत वाचत एका हातानं खायची, ताटात काय आहे ते तिला कळायचं नाही. मीही झटपटच करत होते, फक्त पुस्तक न बघता. रोज संध्याकाळी गच्चीवर जाऊन फोन करायचा, पान बारा, पान सतरा, मस्त झालतं. मला वाटायचं, चला, तिकडं तरी सगळं सुरळीत आहे.

परीक्षा रविवारी झाली. सोमवारी खोली रिकामी केली, शिंदेबाईंच्या गळ्यात पडून रडले, नांदेडला गाडी बदलली आणि तिसऱ्या प्रहरी हिमायतनगरला उतरलो. त्यांनी रजा काढली होती. आमची बोचकी उचलून पुढं चालताना सारखं मागं वळून बघत होते. घरात पाऊल टाकलं तर फोडणीचा वास. त्यांनी स्वयंपाक करून ठेवला होता. भाकरी समोरच्या नसीमभाभींकडून आणल्या होत्या, बाकी सगळं त्यांच्या हातचं. वरण, भात, वांग्याची भाजी. पाट मांडलेले, तांब्यात पाणी. "भाजीला बावीस मिनिटं लागली," ते म्हणाले. "दोनच मिनिटं उशीर." एखाद्या शाळकरी पोरानं प्रगतिपुस्तक दाखवावं तसे उभे होते.

मी पहिला घास घेतला. वरण अळणी, भाजी अळणी, भातही अळणी. मला हसू आवरेना. "अहो, मिठाचं पान फाटलंय का पुस्तकातलं?" मी म्हटलं. रेणू खो खो हसली. तेही हसले. "राहिलं वाटतं," म्हणाले. मी उठले, मिठाचा डबा आणला, रेणूच्या ताटात घातलं, माझ्या ताटात घातलं आणि न विचारता त्यांच्याही वरणात चांगलं चिमूटभर टाकलं. ते ताटाकडं बघत राहिले. मग बोटांनी कालवलं आणि खाल्लं. "लई दिवसांनी चव लागली," ते म्हणाले. मला वाटलं, मी घरी आले म्हणून म्हणताहेत. मी मनातून फुलून गेले.

त्यानंतरचे अकरा दिवस मी फक्त स्वयंपाक केला. दोन वर्षांचं सगळं मला भरून काढायचं होतं. वैशाख म्हणजे वाळवणाचे दिवस. गच्चीवर पापड, खारोड्या, मिठाच्या ताकात भिजवलेल्या मिरच्या. कैऱ्या आल्या होत्या, त्यांचं लोणचं घातलं. कच्च्या फोडींना मीठ चोळून ठेवलं की त्यांना सुटलेलं खारट पाणी ते बोट बुडवून चाटायचे, पूर्वीसारखेच. रोज ठेचा, रोज तळलेल्या खारोड्या. ते नको म्हणत नव्हते. कधीकधी हात जरा थांबायचा एवढंच, आणि मी लगेच म्हणायचे, "खा की, आता कुठं पुस्तक बघायचंय?" सकाळी एक गोळी घेताना दिसले. विचारलं तर म्हणाले, पित्ताची. मी त्यावरही विश्वास ठेवला. विश्वास ठेवणं तेव्हा सोपं होतं, कारण मी फार सुखात होते.

बाराव्या दिवशी सकाळी ड्युटीवर निघताना खाकी शर्टाची बटणं लावता लावता ते भिंतीला टेकून खाली बसले. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. काहीतरी सांगत होते, शब्द नीट उमटत नव्हते. नांदेडला नेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. मेंदूत रक्तस्राव झाला म्हणाले. घरी चूल पेटली नाही, शेजारपाजारचं पिठलं-भाकरी येत होतं, येणारे-जाणारे जेवत होते, आणि कपाटात लोणच्याची नवी बरणी तशीच भरलेली होती. ते लोणचं मुरलं तेव्हा खायला घरात कुणाला मन नव्हतं.

रेणूला नांदेडला नर्सिंगला जागा मिळाली. ती गेली आणि या घरात एकट्यानं जेवायची पाळी माझ्यावर आली. त्या दिवाळीला घर आवरताना पुस्तक हाती आलं. वाटलं, बघावं, काय काय करून खात होते. पानं हळदीनं पिवळी झालेली, तेलाच्या डागांनी पारदर्शक. म्हणजे खोटं बोलत नव्हते, खरंच रोज करत होते. वेळा बघत गेले. पंचावन्नवर रेघ, चाळीस. चाळीसवर रेघ, तीस. तीसवर रेघ, बावीस. आणि मग दिसलं की प्रत्येक पानावर अजून एक रेघ आहे. साहित्याच्या यादीत शेवटी छापलेलं असतं, मीठ चवीनुसार. ते खोडलेलं होतं. पट्टी लावून, सरळ, एकेका पानावर. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. गोड शिऱ्यातसुद्धा चिमूटभर मीठ लिहिलं होतं, तेही. मागच्या वेष्टनात डॉक्टरांची चिठ्ठी घडी करून ठेवलेली होती, पहिल्या संक्रांतीनंतरच्या आठवड्यातली. रक्तदाब फार वाढलेला. औषधाखाली दोनदा अधोरेखित केलेली एक ओळ होती, मीठ पूर्ण बंद.

मी पुस्तक घेऊन तशीच समोर गेले. नसीमभाभी मशीनवर बसल्या होत्या. त्यांचे मियाँ शिंपी, दोघं मिळून शिवतात. मी पान उघडून पुढं धरलं. त्यांनी मशीन थांबवली.

"मेरेकू मालूम था," त्या म्हणाल्या. "मैं सालन भेजी तो वापस कर दिए एक दफे. तब बोले. फिर मैं उनका अलग निकालती थी, बगैर नमक का."

"मला का नाही सांगितलं, भाभी?"

"भाई बोले थे, नक्को बोलो उनकू. सुनी तो सामान बांध के आ जाती, पोरी का साल जाता." मग पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "और आप आ गए ना फिर, तो मैं समझी, बोल दिए होंगे."

नाही बोलले. अकरा दिवस एका घरात होतो, अकरा दिवस मी त्यांच्या ताटात वाढत होते, आणि ते बोलले नाहीत. पोरीची परीक्षा झाली होती, आता लपवायचं कारणही उरलं नव्हतं. मी रोज रात्री याचा विचार करून थकले. एक मन म्हणतं, मी एवढ्या हौसेनं वाढत होते, त्यांना माझं मन मोडवलं नसावं. दुसरं मन म्हणतं, त्यांनाच खावंसं वाटलं असेल, सव्वा वर्ष अळणी गिळलं, चार दिवस सुखानं जेवावं, मग सांगू. दुसरं खरं असावं असं मला फार वाटतं. चिठ्ठी घेऊन मी त्या डॉक्टरांकडंही गेले. ते चांगले माणूस. म्हणाले, "ताई, अकरा दिवसांच्या मिठानं माणूस जात नसतो. आजार जुना होता." मी मान हलवली. रेणूही आता शिकून तेच सांगते, तिच्या वहीत तसं लिहिलेलंही आहे. डोक्याला पटतं. पण पहिल्या दिवशीची ती चिमूट, माझ्या या बोटांतली, ती काही वहीत लिहिलेली नाही.

म्हणून ज्योतीच्या प्रश्नाला उत्तर देणं मला जड जातं. मी या पुस्तकाला हसत होते. वीस मिनिटांत काय होतं, असं म्हणत होते. पण एका अडाणी हाताच्या माणसाला त्यानं सव्वा वर्ष रोज ताजं, त्याला मानवेल असं जेवू घातलं. त्या माणसाच्या पेन्सिलीची पुस्तकाला जोड होती, हे खरं. हाताची चव, मायेचं जेवण, असं ज्याला आम्ही बाया नाक वर करून म्हणतो, ते माझं होतं, आणि ते त्यांना सोसलं नाही. खरं तेच आहे.

संध्याकाळी ज्योती आली. मी पुस्तक तिच्या हातात दिलं. नवं नांदेडला मिळेल असं सांगणार होते, पण मग वाटलं, या वेळा दुसऱ्या कुठल्या पुस्तकात नाहीत.

"छापलेल्या वेळा बघू नकोस म्हणावं त्याला," मी म्हटलं. "पेन्सिलीच्या बघ. त्या खऱ्या आहेत. आणि चारनं भागताना मिनिटं भागू नको म्हणावं."

ती हसली. पानं चाळता चाळता थांबली. "काकू, ह्याच्यात समद्या पानांवर मीठ खोडलंय."

मग मी तिला सांगितलं. नसीमभाभी आणि ते डॉक्टर सोडून आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, रेणूलाही पूर्ण नाही. ज्योती उंबऱ्यावर बसून ऐकत राहिली. शेवटी मी म्हटलं, "तिथं गेल्यावर रोज फोन करशील, काय केलं, जेवलात का, असं समद्याच विचारतात. तू मीठ किती टाकलं ते विचारत जा. तोच मिठाचं बोलेनासा झाला की एक दिवस न सांगता निघून ये."

तिनं पुस्तक छातीशी धरलं. चाचरत विचारलं, "मग तुमी काय खाता आता, काकू? अळणीच?"

खोटं बोलावंसं वाटलं. पण नाही बोलले.

"खाऊन बघितलं," मी म्हटलं. "त्यांच्यासाठी म्हणून. आठ दिवसांच्या वर घशाखाली उतरलं न्हाई ज्योती. नवव्या दिवशी उठून मीठ घेतलं. आणि ते सव्वा वर्ष खात होते, अन् रोज संध्याकाळी फोनवर मला सांगत होते, मस्त झालतं."